काठोकाठ

बूच निघाल्याचा आवाज कमलाने आधी नुसता ऐकला. तो कशाचा, हे तिला नंतर कळलं. खोलीतल्या गवती चटईवर ती पाय दुमडून बसली होती. अंगात त्या जपानी धाटणीच्या इनकडून, छोट्या अतिथीगृहाकडून, मिळालेला निळ्या नक्षीचा सुती झगा, ओले केस एका खांद्यावरून पुढे ओढलेले, आणि समोरच्या काचेपलीकडे पॅसिफिकवरचं धुकं किनाऱ्याकडे सरकत होतं. सरकत्या कागदी दारांच्या त्या घरात आवाजाला आडोसा नव्हता. पलीकडच्या न्हाणीत पाण्यात हात खुपसल्याची खळबळ झाली, मग लाकडाशी लाकूड घासल्याची करकर, मग एक जाड, बुडबुडता हुंदका, आणि त्यापाठोपाठ पाणी घशात ओढून घेतल्यासारखी लांब घरघर. ऑपरेशन थिएटरात सक्शनची नळी अशीच घरघरते. कमला भूलतज्ज्ञ होती. आवाजातला फरक डोक्यात शिरण्याआधी बोटांत शिरण्याची तिला सवय होती. आत्ताही झग्याच्या काठावरची तिची बोटं आपोआप आवळली गेली. न्हाणीत पद्मजा होती. नुकतीच ती कमलाला व्हरांड्यात भेटली होती, गालांवर समुद्राचा वारा, हातात सँडल. "झाली तुझी अंघोळ? अरे वा! कसं होतं पाणी?" असं तिने विचारलं होतं आणि कमला म्हणाली होती, "जा पटकन. तू उगाच काल एवढी तारीफ नाही केलीस."

काल संध्याकाळी ती दोन जोडपी, कमला-भानुदास आणि पद्मजा-उल्हास, क्युपर्टिनोहून गाडीने इथे पोचली, तेव्हा या न्हाणीचे नियम हमादाबाईंनी स्वतः समजावून सांगितले होते. हमादाबाई म्हणजे इनच्या मालकीण, कॅलिफोर्नियातच जन्मलेल्या, केस पिकलेल्या, कमरेत किंचित वाकलेल्या. मागच्या डोंगरातल्या गरम झऱ्याचं पाणी नळीने आणून त्यांनी प्रत्येक दोन खोल्यांमागे एक खाजगी न्हाणी बांधली होती. ठेंगण्या स्टुलावर बसायचं, साबण लावून अंग स्वच्छ धुऊन घ्यायचं, आणि मगच लाकडी हौदात उतरायचं, नुसतं बसायला. हौदात साबण न्यायचा नाही. आणि बूच काढायचं नाही, कारण झऱ्याची धार बोटाएवढीच. रिकामा हौद भरायला सगळी रात्र लागते. दोन्ही खोल्यांतली माणसं एकामागून एक त्याच पाण्यात बसतात. "म्हणजे अंघोळ करून मग अंघोळ करायची!" उल्हास म्हणाला होता आणि सगळे हसले होते. सगळ्यांत मोठ्याने पद्मजा हसली होती. दुपारीच कोणी एक म्हातारं अमेरिकन जोडपं हौदातून उठून निघून गेलं आहे, धारेने पाणी हळूहळू बदलत राहील, असं हमादाबाईंनी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, "सो व्हॉट? नदीत आपण विचारतो का आधी कोण उतरलं होतं?" आणि झगा खांद्यावर टाकून ती सगळ्यांआधी आत गेली होती. तिच्यामागून उल्हास, मग भानुदास. कमला गेली नव्हती. तिने डोकं दुखत असल्याचं सांगितलं होतं.

कमला पद्मजासाठी कारणं शोधू लागली, आणि आपण ती शोधतो आहोत हे तिच्या लक्षात आलं. पाय अडकला असेल. पण त्या बुचात पाय अडकत नाही. ते मुठीएवढं लाकूड तळाच्या भोकात घट्ट ठोकलेलं असतं, खांद्यापर्यंत हात बुडवून पिळल्याशिवाय हलत नाही. थोड्या वेळापूर्वीच त्याच्या गोल डोक्यावर आपली टाच टेकवून ती बसली होती. माहीत नसेल. पण काल नियम सर्वांत लक्ष देऊन पद्मजानेच ऐकले होते, उल्हासने हौदात साबण नेऊ नये म्हणून दाराबाहेरून ओरडली तीच होती. एक एक कारण कमला उचलत होती आणि ते हातात येताच फुटत होतं. उरत होतं ते एकच, आणि ते उचलायला मन तयार होत नव्हतं. इतक्या वर्षांची मैत्री. दिवाळीचे फराळ, मुलांची ग्रॅज्युएशन्स, महाराष्ट्र मंडळाची नाटकं, एकमेकींच्या घरच्या किल्ल्या. आपण बौद्ध आहोत हे कमलाने कधी लपवलं नव्हतं. बैठकीच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो पहिल्या दिवसापासून होता. तो पाहून पद्मजा पहिल्याच भेटीत म्हणाली होती, "आमच्याकडे असलं काही नाही हं!" विचारलेलं नसताना दिलेलं ते उत्तर कमलाने तेव्हा प्रेमाने ठेवून घेतलं होतं. तीन वर्षांपूर्वी पद्मजाचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने हट्ट धरला होता, भूल कमलाच देणार. मास्क चेहऱ्यावर येताना तिने कमलाचं मनगट घट्ट धरलं होतं. "तू आहेस ना? मग झालं." आणि नंतर ते सगळं ऑपरेशन होईपर्यंत पद्मजाचा श्वास कमलाच्या हातात होता. कधी यंत्र, कधी काळी रबरी पिशवी. ती दाबली की पद्मजाची छाती वर येत होती, सोडली की खाली बसत होती. कमलाच्या हातचा श्वास चालला होता तिला. घरघर आता बारीक होत चालली होती. हौदाचा तळ उघडा पडत असावा.

आज दुपारी बाकीचे तिघे दीपस्तंभ पाहायला गेले तेव्हा कमला एकटीच मागे राहिली होती, आणि का कोण जाणे, उठून न्हाणीत गेली होती. गरम पाणी आपल्याला मानवत नाही असं ती लग्नापासून भानुदासला सांगत आली होती. मिशिगनमध्ये, नोव्हायला असताना, बाहेर कंबरभर बर्फ साचलेला असतानाही ती गार पाण्याने शॉवर घ्यायची. भानुदास मित्रांना कौतुकाने सांगायचा, आमची डॉक्टर हिमालयातली आहे. हिमालयातली नव्हती ती. नागपूरच्या मेडिकलच्या मुलींच्या होस्टेलातली होती. तिथे न्हाणीच्या तोंडाशी एक तांब्याचा मोठा बंब धगधगत असायचा. प्रत्येकीने तोटीखाली बादली लावून ऊन पाणी घ्यायचं आणि घेतलं तेवढं गार पाणी वरून ओतायचं, म्हणजे मागच्या मुलीला पाणी पुरतं, हा तिथला रिवाज. थंडी सुरू झाली तशी खोलीतली लता रोज सकाळी म्हणायची, "तू वाच ग, ॲनाटॉमी संपव. तुझी बादली मीच आणते." कमला उबदार पांघरुणातून तिच्याकडे कृतज्ञतेने बघायची. घरापासून पहिल्यांदा लांब आलेल्या मुलीला असं कोणी जपत असेल तर ती आणखी काय मागणार? मग एके दिवशी लता तापाने पडली, आणि तिच्यासाठी पाणी आणायला कमला दोन्ही बादल्या घेऊन बंबाशी गेली. गार पाण्याचा तांब्या वरच्या तोंडाशी नेला, तोच मागच्या रांगेतली कुणीतरी अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अग, तू नको ओतूस. लता नाही का आज?" रागाने नाही, हेटाळणीने नाही. सगळ्यांना ठाऊक असलेली एक सोय नव्या माणसाला सांगावी तसं. तेवढ्यात सगळा हिवाळा उलटा झाला. कमलाने रिकाम्या बादल्या परत आणल्या, पाणी संपलं म्हणून लताला सांगितलं, आणि त्या दिवसापासून ती गार पाण्याने अंघोळ करू लागली. ‘संपलं’ हा शब्द तिने तेव्हा सहज उच्चारला होता. छप्पन्न साली दीक्षा घेऊन आलेले तिचे वडील, गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम असलेले एकनाथ, सुट्टीत घरी गेली की सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं विचारायचे, "पोरी, होस्टेलात ऊन पाणी मिळतं ना?" आणि ती म्हणायची, "भरपूर, बाबा." ते ऐकून त्यांची मान अशी ताठ व्हायची की तिला तिकडे बघवत नसे.

म्हणून आज त्या हौदात ती काठ घट्ट धरून उतरली होती. पाणी कढत होतं, किंचित गंधकाच्या वासाचं, काठोकाठ भरलेलं; ती खाली बसली तसं ते चारी बाजूंनी काठावरून ओसंडून दगडी फरशीवर पसरलं. पाणी सांडलं म्हणून आधी तिला अपराध्यासारखं वाटलं. मग मान मागे टेकली. पोटातून, खांद्यांतून, कित्येक वर्षं मूठ करून धरलेलं काहीतरी बोट बोट उलगडत गेलं, आणि ती एकटीच मोठ्याने हसली होती. तेच पाणी, डोंगराच्या पोटातून आलेलं, तिच्या अंगाला लागलेलं, आता गटारातून समुद्राकडे चाललं होतं.

जेवायला चौघे ठेंगण्या टेबलाभोवती बसले. उल्हास मांडी घालताना "गुडघे बोलायला लागले, यार" असं कण्हत होता. पद्मजा प्रसन्न होती, जरा जास्तच. दीपस्तंभाचे जिने, तिथल्या दुकानातल्या शिंपल्यांच्या माळा, एकामागून एक सांगत होती. तिचे केस कोरडे होते. हमादाबाई सूपचे वाडगे घेऊन आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या की त्यांना फार वाईट वाटतं, पण हौद रिकामा झाला आहे, सकाळपर्यंत न्हाणी बंद राहील. बूच निघालेलं दिसतं. आपणच नीट सांगितलं नसेल. मग पद्मजाने काड्यांनी तोफूचा तुकडा उचलला आणि हसून इंग्रजीत म्हणाली, "माझ्याआधी कमला होती. चुकून झालं असेल." आणि लगेच मराठीत, तोंड किंचित वळवून, "ना ग? आपल्याला सवयच असते, आपलं झालं की पाणी सोडून द्यायची."

हमादाबाईंनी कमलाकडे पाहिलं. त्या नजरेत क्षमा आधीच तयार होती. उल्हास खदखदला, "वहिनी, ओ. टी.चा नियम लावलात की काय इथे? प्रत्येक पेशंटला नवं पाणी?" टेबलाखाली भानुदासचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागला आणि तिथेच राहिला. भानुदास हुशार होता, भला होता, आणि दोन माणसांचा आवाज चढला की तो आधी खिडक्या बंद करायचा. त्या गुडघ्याचं म्हणणं तिला शब्दन् शब्द कळलं. एक ‘सॉरी’. सगळे हसतील, सूप पितील. आणि लोक किती सहज तो दोष तिच्या हातात ठेवत होते, जणू तो तिचाच होता, कुठेतरी विसरलेला, त्यांनी फक्त उचलून आणून दिला. पाणी संपलं, असं पुन्हा एकदा म्हणायचं, बस.

"मी काढलं नाही," कमला हमादाबाईंना म्हणाली. "मी माझ्या खोलीत होते. बूच निघताना मी आवाज ऐकला."

हमादाबाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा टेबलाकडे पाहिलं, मान लववली, सकाळी हौद भरलेला असेल एवढंच म्हणाल्या, आणि दार सरकवून गेल्या.

"म्हणजे? काय म्हणायचंय तुला?" पद्मजाने काड्या खाली ठेवल्या.

"म्हणायचं काही नाही. बूच तू काढलंस."

"कमल," भानुदास हळू म्हणाला.

"काढलं! बरं, काढलं. केस होता पाण्यात. एवढा लांब. मला शिसारी आली. हायजीनची गोष्ट आहे, तू तर डॉक्टर आहेस!"

"मग तसं सांगायचं त्यांना. माझं नाव का घेतलंस?"

"तोंडातून गेलं ग. ऑकवर्ड झालं मला."

"केस काढून टाकला असतास. काल त्या म्हाताऱ्यांच्या पाण्यात तू सगळ्यांआधी बसलीस."

"त्यांचं वेगळं..." पद्मजा थांबली.

"पद्मा, सोड ना यार," उल्हास म्हणाला. "सूप गार होतंय."

"नाही, सोड काय? आरोप करतेय ती माझ्यावर!" पद्मजाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. "तू ना कमला, प्रत्येक गोष्टीत तेच शोधतेस. आम्ही कधी पाळलंय का असलं काही? तुझ्या घरी जेवलेय मी. तुझ्या हातचं मटण खाल्लंय, इतक्या वेळा. माझ्या आईला कळलं असतं तर..."

उल्हासने वाडगा तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

"तर काय?" कमलाने विचारलं. आवाज चढला नव्हता. पेशंटला उलट आकडे मोजायला सांगताना लागतो तसा लागला होता.

पद्मजा उठून गेली.

नंतर खोलीत भानुदास गाद्या पसरत म्हणाला, "सकाळी लवकर निघू. नाश्त्याला थांबायला नको." चादरीचे कोपरे तो पुन्हा पुन्हा सारखे करत होता. "पुढच्या महिन्यात मंडळाची निवडणूक आहे, कमल. उल्हास माझं नाव सुचवतोय. आपल्यातला पहिला असेन मी. यातूनच बदलतं ना हळूहळू? तिला जाणीवही नसेल तिने काय केलं त्याची. एवढ्याशा गोष्टीसाठी..." कमला त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत होती. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या होस्टेलात कुठला बंब होता, त्याने कोणाला काय संपल्याचं सांगितलं होतं, हे तिने कधी विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. दोघांच्या संसारात एक खोली अशी कुलूपबंद होती आणि ते दोघेही तिच्यासमोरून पाय न वाजवता जात आले होते. "मंडळाचं तू बघ," ती म्हणाली. "सुचवू दे त्याला. पण मी सकाळी अंघोळ करून निघणार." भानुदास चादर धरून तसाच उभा राहिला. "गार पाण्याने?" त्याने विचारलं, आणि विचारता विचारता त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं, जणू ती कुलूपबंद खोली त्याला आतून दिसली. "नाही," कमला म्हणाली.

पहाटे धुकं इतकं दाट होतं की समुद्र फक्त ऐकू येत होता. हौद भरला होता. बोटाएवढी धार एका कोपऱ्यात अखंड पडत होती आणि काठावर पाणी फुगून, थरथरत, न सांडता उभं होतं. कमला स्टुलावर बसली, साबण घेतला, हात घासले, मान घासली, टाचा घासल्या, पुन्हा हात घासले. काखा, कोपर, कानांमागे. कातडी लाल होईपर्यंत घासूनही हात थांबेना, तेव्हा ती दचकली. नियम अंग स्वच्छ करण्याचा होता. ती पुरावा तयार करत होती. शाळेत जाताना आई असंच घासायची तिला, बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून, आणि तरी जागा राहायची. तिने साबण खाली ठेवला. घंगाळातलं पाणी खांद्यांवरून ओतलं, एकदाच, आणि उठून उभी राहिली. केस बांधावे का, असा विचार मनात आला. तिने ते मोकळे सोडले.

ती उतरली तसं पाणी चहूबाजूंनी ओसंडलं. या वेळी तिला काही वाटलं नाही. हौद तसाच बांधलेला होता. माणूस आत आलं की पाण्याने बाहेर जायचं. मानेपर्यंत बुडून, डोळे मिटून ती किती वेळ बसली तिला कळलं नाही. मग दाराच्या कागदावर सावली पडली.

"कमला? आहेस का आत?"

"ये. दार उघडंच आहे."

पद्मजा दार सरकवून उंबऱ्याच्या आत, दगडी फरशीवर, अनवाणी उभी राहिली. चेहरा सुजलेला, झगा कसाबसा गुंडाळलेला. आरशासमोर बसण्याआधीचा तिचा चेहरा कमलाने त्या ऑपरेशनच्या दिवशी पाहिला होता, त्यानंतर आज. तिची दया आली कमलाला, आणि दया आली तरी आपण हललो नाही याचं बरंही वाटलं.

"झोप लागली नाही मला," पद्मजा म्हणाली. "तुझं नाव घ्यायला नको होतं मी. सॉरी. खरंच सॉरी. पण तू जे समजतेस ना, तशी नाहीये ग मी. तू ओळखतेस मला. किळस वाटली, बस. त्याचा आणि त्याचा काही संबंध नाही. उल्हासला विचार. माझ्या मनात कधी, कधी म्हणजे कधी..."

कमला तिचं नीट ऐकावं म्हणून पाण्यात सरळ झाली. तिच्या खांद्यांनी ढकललेली एक लाट काठावरून उलटली, फरशीवर पातळ पसरली, आणि दगडांच्या उतारावरून वाफाळत पद्मजाच्या पायांकडे निघाली. पद्मजा बोलत होती. ती खरं बोलत होती. डोळ्यांत, ओठांत कुठेही लबाडी नव्हती. पाणी तिच्या अंगठ्याशी पोचलं, आणि तिचा पाय मागे गेला. चटका बसल्यासारखा, झटकन, उंबऱ्यावर.

वाक्य बंद पडलं. दोघी त्या पायाकडे बघत होत्या. मागे घेतलेला तो पाय, टाच उचललेली, बोटं आखडलेली, पद्मजा अशी बघत होती की जणू तो दुसऱ्या कोणाचा होता आणि रात्रीत तिला येऊन जडला होता. पाणी परवा याहून कढत होतं आणि ती त्यात गळ्यापर्यंत बसली होती, हे तिलाही आठवलं असावं. धार कोपऱ्यात पडत राहिली.

"मला कळलंच नाही ग," अखेर ती म्हणाली. आवाज फार लहान झाला होता.

"मला कळलं," कमला म्हणाली.

पद्मजाने पाय हळूच खाली ठेवला, ओल्या फरशीवर, आणि दाबून धरला. "मी येते," ती घाईने म्हणाली. "तुझ्यानंतर. याच पाण्यात. बसते मी, बघ तू."

असं म्हणताना तिने आशेने कमलाकडे पाहिलं. लताही आजारातून उठल्यावर अशीच बघत असेल का, कमलाच्या गार पाण्याच्या बादलीकडे? कमलाने तेव्हा मान वळवली होती. आता तिने वळवली नाही. ‘ये’ म्हणणं सोपं होतं; तेवढ्याने सकाळ गोड झाली असती, परतीच्या गाडीत गाणी लागली असती.

"मला दाखवायला बसू नकोस," ती म्हणाली. "बसायचं की नाही ते तू ठरव. पण मी एवढ्यात निघत नाहीये."

"किती वेळ लागेल तुला?"

"पुष्कळ."

दार उघडंच राहिलं. पद्मजा गेली नाही, आत आली नाही. बाहेर धुकं विरळ होऊ लागलं होतं आणि भानुदासच्या पावलांचा आवाज व्हरांड्यात येऊन थांबला होता. कमलाने डोकं काठावर टेकलं, पाय लांब केले, आणि पाण्याखाली टाचेने चाचपत ते लाकडी बूच शोधलं. ते नीट बसलेलं होतं. तरी तिने टाच त्यावर ठेवली आणि दाबून धरली.